रिंगणात शांत, रानवाटेवर बुजरा: चार वर्षांच्या घोड्यावरून तीनदा पडण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण एका स्वाराचं, तिच्या चार वर्षांच्या घोड्याचं आणि एकाच हंगामात ट्रेलवर (रानवाटेवर) झालेल्या तीन अपघातांचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत. मला तिसऱ्या अपघातानंतर बोलावलं गेलं, त्यामुळे आधीची हकिगत स्वार आणि तिची सोबतीण या दोघींकडून वेगवेगळी ऐकली. दोघींनाही पडण्याचा क्षण लख्ख आठवत होता. त्याआधीचा अर्धा तास मात्र खोदून खोदून विचारावा लागला. माझ्या मते सगळं प्रकरण त्या अर्ध्या तासात आहे.

पार्श्वभूमी

स्वार चाळिशीतली. लहानपणापासून घोड्यावर बसलेली, मांड पक्की, हात हलका. पण आजवर ती ज्या घोड्यांवर बसली ते सगळे दुसऱ्या कुणीतरी तयार केलेले होते. तयार घोडा स्वाराच्या छोट्या चुका पोटात घालतो. लगाम जरा जास्त खेचला गेला तर मान किंचित वर करतो आणि पुढे चालू लागतो. कोवळ्या घोड्याकडे अशी शिल्लक नसते. त्यामुळे ‘अनुभवी स्वार’ हे वर्णन खरं असूनही या जोडीबद्दल ते फारसं काही सांगत नव्हतं. घोडा चालवण्याचा अनुभव आणि घोडा घडवण्याचा अनुभव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

घोडा कुमेद (तांबूस-तपकिरी) रंगाचा, बांध्याने मोठा. त्याला आपण कुमेदच म्हणू. खोगिराखाली त्याचं काम सुरू होऊन तीनेक महिने झाले होते आणि ते सगळं बंदिस्त रिंगणात झालं होतं. चाल, दुडकी, दोन्ही बाजूंनी संथ धाव, थांबणं, मागे सरणं हे सगळं त्याला येत होतं. प्रशिक्षकाने तो ‘तयार’ असल्याचं सांगितलं होतं आणि रिंगणापुरतं ते बरोबर होतं.

चार वर्षांच्या घोड्याच्या शरीरात काय चाललेलं असतं हेही इथे सांगायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येतो. घोडा बाहेरून भरलेला दिसला तरी त्याची हाडं खालून वर अशा क्रमाने पक्की होतात. पायांची आधी, पाठीच्या मणक्यांची सर्वांत शेवटी, साधारण साडेपाच वर्षांच्या सुमारास आणि मोठ्या बांध्यात त्याहूनही उशिरा. तोंडात चोवीस दुधाचे दात अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान पडून नवे येत असतात. खांदे आणि पाठ दर काही महिन्यांनी आकार बदलतात. म्हणजे ज्या पाठीवर आपण बसतो आणि ज्या तोंडात कडी (लगामाला जोडलेला धातूचा तुकडा) घालतो ती दोन्ही ठिकाणं अजून घडत असतात.

सोबतीला मैत्रिणीची करडी घोडी होती. पंधरा वर्षांची, शेकडो वाटा तुडवलेली. ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी जमेची बाजू होती आणि सुरुवातीला तिचा उपयोग नीट झाला नाही.

आणखी एक गोष्ट. हंगामाच्या शेवटी मोठ्या गटाची एक रपेट ठरली होती आणि स्वाराने कुमेदसह नाव दिलं होतं. तारीख पक्की होती. घोडा केव्हा तयार होईल ते आधी ठरलं आणि घोड्याकडे नंतर पाहिलं गेलं.

काय घडलं

पहिला प्रसंग अगदी सुरुवातीच्या रपेटींतला. झुडपातून एक पक्षी फडफडत उठला. कुमेदने डावा खांदा टाकला आणि जागच्या जागी डावीकडे गिरकी घेतली. स्वार उजव्या बाजूने गवतावर आली. कोवळ्या घोड्यावरून पडण्याचा हा सर्वांत नेहमीचा प्रकार: घोडा खालून निघून जातो आणि स्वाराचं शरीर जुन्याच दिशेने पुढे जात राहतं. मांडीला मुका मार लागला, हेल्मेट जमिनीला ‘जरासं’ टेकलं. ती लगेच परत बसली आणि रपेट पूर्ण केली.

दुसरा प्रसंग ओढ्यावरचा. कुमेद पाण्याशी थबकला, फुरफुरला, मान खाली घालून पाहू लागला. करडी घोडी पाण्यातून पलीकडे गेली आणि सवयीने तशीच पुढे चालू लागली. आपली सोबत लांब जातेय हे पाहून कुमेद अस्वस्थ झाला. त्याच वेळी स्वाराने टाचा दिल्या. त्याने उभ्या जागेवरून उडी मारली. ती मागे राहिली आणि तोल सावरायला लगामाला लोंबकळली. पलीकडे पाय टेकताच त्याने पाठ कमानदार करून दोन उसळ्या घेतल्या आणि दुसऱ्या उसळीत ती खांद्यावरून पुढे पडली. मनगट मुरगळलं. घोडा पळत जाऊन घोडीजवळ उभा राहिला. त्यानंतर ‘आवरत नाही’ म्हणून त्याच्या तोंडात आधीपेक्षा कडक कडी आली.

तिसरा प्रसंग गंभीर. वाटेच्या कडेला लाकडांच्या ढिगावर निळी ताडपत्री टाकलेली होती. जाताना कुमेदने तिच्याकडे एकदा कान वळवले आणि तो शांतपणे पुढे गेला. तासाभराने परतताना त्याच ताडपत्रीशी तो दचकला आणि उधळला. स्वाराने दोन्ही लगाम एकदम खेचले, गुडघे आवळले, पुढे वाकली. घाबरलेलं माणूस नेमकं हेच करतं. गुडघे आवळले की टाच वर येते, बैठक खोगिरातून सुटते आणि घोड्याला ती पळण्याची आणखी एक सूचना वाटते. वाटेच्या वळणावर घोडा वळला आणि ती वळली नाही. खांदा आणि डोकं जमिनीवर आदळलं.

सोबतीण पोचली तेव्हा ती शुद्धीवर होती, पण “घोडा कुठंय?” हे एकाच मिनिटात तीनदा विचारत होती. उठून बसायचा प्रयत्न करत म्हणाली, “मी बरी आहे, मी चालत जाते.” सोबतीण म्हणाली, “अगं, हलू नकोस. एक पाऊलही नाही.” स्वाराचा फोन खोगिराच्या पिशवीत होता आणि खोगीर घोड्याबरोबर पसार झालं होतं. सोबतिणीचा फोन तिच्या कमरेला होता, म्हणून मदत बोलावता आली. कॉलरबोन मोडलं होतं आणि मेंदूला हादरा बसल्याचं निदान झालं. कुमेद एक रस्ता ओलांडून घरी पोचला. खोगीर पोटाखाली फिरलं होतं. रस्त्यावर त्या वेळी वाहन नव्हतं एवढंच नशीब.

समस्या नेमकी कोणती

माझ्यापुढे प्रश्न ठेवला गेला तो असा: “हा बुजला की मी टिकून कशी राहू?” प्रश्न रास्त आहे, पण घोडा गिरकी घेतो तेव्हा स्वाराकडे सेकंदाचा एखादा अंश असतो. तेवढ्यात सुधारण्यासारखं फार थोडं असतं. म्हणून आम्ही प्रत्येक प्रसंग मागे मागे नेला.

पहिल्या प्रसंगात पक्षी उडण्याआधी वीसेक मिनिटं मागून एक सायकल जवळून गेली होती. घोडा स्वतःभोवती जवळजवळ ३५० अंशांत पाहू शकतो, पण शेपटीच्या थेट मागे त्याला दिसत नाही. तिथून अचानक काहीतरी सळसळत पुढे येणं हे भक्ष्य प्राण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट. त्यानंतर घोडी एका वळणाआड दिसेनाशी झाली होती. मग वाट उन्हातून गर्द सावलीत शिरली. उजेडातून अंधाराला सरावायला घोड्याच्या डोळ्यांना माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. पक्षी उडाला तो या सगळ्यानंतर. सायकल, वळण, सावली यांपैकी एकाही गोष्टीने कुमेद बुजला नव्हता, आणि म्हणूनच त्या कुणी मोजल्या नाहीत. ताण मात्र साठत होता. भांडं काठोकाठ भरलं की शेवटचा थेंब कुठला हे महत्त्वाचं राहत नाही.

दुसऱ्या प्रसंगात घोडी पुढे निघून जाणं आणि टाचा देणं एकाच क्षणी घडलं. कुमेद पाण्याकडे पाहत होता, म्हणजे विचार करत होता. फुरफुरणारा, मान खाली घालून वास घेणारा घोडा शिकत असतो. त्याला तिथे अर्धं मिनिट मिळालं असतं तर बहुधा तो चालत पाण्यात उतरला असता.

तिसऱ्या प्रसंगाने स्वाराचा विश्वास सर्वांत जास्त हलला, कारण ताडपत्री त्याने ‘आधी पाहिलेली’ होती. तिला तो लबाडी करतोय असं वाटलं. यावर एक जुना समज सांगितला जातो: घोड्याच्या एका डोळ्याने पाहिलेलं दुसऱ्या बाजूच्या मेंदूला कळत नाही. ते खरं नाही. एका डोळ्याने शिकलेलं घोडा दुसऱ्या डोळ्याने ओळखू शकतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे. अधिक पटणारं उत्तर वेगळं आहे. कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन-तीन वर्षांच्या घोड्यांना मुलांच्या खेळण्याचा एक मोठा प्लॅस्टिकचा सांगाडा रोज दाखवून त्याची सवय केली. मग तोच सांगाडा फक्त फिरवून ठेवला. घोडे नवीच वस्तू पाहिल्यासारखे वागले. परतीच्या वाटेवर प्रत्येक वस्तू अशीच फिरवून ठेवलेली असते. शिवाय घोड्याला निळा रंग नीट दिसतो (तांबडा आणि हिरवा यांत त्याचा गोंधळ होतो), म्हणजे निळी ताडपत्री त्या हिरव्या-तपकिरी रानात त्याच्या नजरेत भरणारच. त्यात घराकडची ओढ, थकवा आणि सुटलेला वारा. वाऱ्यात घोड्याला आवाजाची दिशा नीट लागत नाही आणि सगळं रान हलत असतं.

तिन्ही प्रसंग रपेटीच्या उत्तरार्धातले. तिन्हींत घोडी दूर होती किंवा दूर जात होती. आणि तिन्हींत स्वाराला आधी ‘काहीतरी’ जाणवलं होतं. तिने स्वतःच सांगितलं की पाठीखाली घोडा ताठ झाल्याचं तिला कळत होतं. त्या जाणिवेचं काय करायचं हे ठरलेलं नव्हतं.

एक दुवा अजून बाकी होता: दुखणं. बुजणं भीतीतून येतं, पण उसळ्या मारण्यामागे दुखणं आहे का हे आधी तपासायलाच हवं. पशुवैद्याने तोंड उघडून पाहिलं तेव्हा एका दाढेवर दुधाच्या दाताची सैल टोपी अडकलेली होती आणि कडा धारदार झाल्या होत्या. खोगीर सहा महिन्यांपूर्वी मापून घेतलेलं, पण तेव्हापासून खांदे रुंदावले होते आणि खोगिराची कमान खांद्यामागे रुतत होती. ओढ्यावरून उडी, स्वाराचं वजन मागे, लगामाला झटका, आणि पाय टेकताना खांद्यात खोगीर. त्या दोन उसळ्यांचा खुलासा व्हायला एवढं पुरेसं होतं. आणि उपाय म्हणून त्याच दुखऱ्या तोंडात कडक कडी गेली होती.

विचारात घेतलेले पर्याय

घोडा दुसऱ्याला देणं. स्वाराने हा पर्याय रडत रडत मांडला, पण मांडला, आणि मी त्याला गंभीरपणे घेतलं. जोडी जुळत नसेल तर वेगळं होणं हा पराभव नाही, त्यात माणसाची आणि घोड्याची दोघांचीही सुरक्षितता असू शकते. अट एकच: घेणाऱ्याला तिन्ही अपघात स्पष्ट सांगायचे. अडचण अशी की तीन वेळा स्वार पाडलेला चार वर्षांचा घोडा ज्याच्या हाती पडेल तो त्याला समजून घेणारा असेलच याची खात्री नव्हती.

दोन-तीन महिने पूर्णपणे प्रशिक्षकाकडे ठेवणं. प्रशिक्षकाचा कल याकडे होता. फायदा उघड आहे. तोटा हा की घोडा शिकून येतो आणि स्वार तीच राहते. मग काही आठवड्यांत जोडी जुन्या वळणावर येते.

काही न करता वर्षभर सोडून देणं. वाढणाऱ्या शरीराला विश्रांती चांगलीच आहे, पण ताडपत्रीची भीती कुरणात चरून जात नाही.

कडक कडी, मार्टिंगेल (घोड्याला मान फार वर करू न देणारा पट्टा) आणि ‘जास्त काम देऊन थकवणं’. हा सल्ला तिला चार जणांनी दिला होता. मी त्याच्या विरोधात होतो. कडी घोड्याचं तोंड दुखवू शकते, त्याची भीती कमी करू शकत नाही. घाबरलेला घोडा दुखण्यापासून दूर पळतो, आणि तोंडातल्या दुखण्यापासून पळण्याची दिशा बहुतेकदा पुढेच असते. थकवण्याने काही दिवसांत घोडा अधिक दमदार मात्र होतो.

शेवटचा पर्याय म्हणजे जमिनीवरून पुन्हा सुरुवात, करड्या घोडीच्या सोबतीने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि स्वार स्वतः हजर राहून. कॉलरबोन जुळायला प्रौढांत साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, आणि मेंदूच्या हादऱ्यानंतर डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत घोड्यावर बसायचं नव्हतंच. सक्तीने मिळालेला हा काळ आम्ही वापरला. गटाच्या रपेटीतून नाव त्याच आठवड्यात मागे घेतलं. माझ्या लेखी तो सगळ्यात महत्त्वाचा एकच निर्णय होता.

काय केलं

आधी दात, मग खोगीर, मग जुनी मऊ कडी. यानंतर प्रशिक्षकाने रिंगणात नेहमीचं काम करून पाहिलं. उसळी एकदाही आली नाही. बुजणं होतंच, त्यामुळे दुखणं आणि भीती या दोन गोष्टी एकदाच्या वेगळ्या झाल्या.

ट्रेलवर पहिले काही आठवडे कुमेदवर कुणीच बसलं नाही. प्रशिक्षक मोरखी आणि लांब दोरी घेऊन त्याच्याबरोबर चालला, करडी घोडी पुढे. वेळ मुद्दाम कमी ठेवला, पंधरा-वीस मिनिटं. घोडा शांत असतानाच परत फिरायचं, तो अस्वस्थ झाल्यावर नाही. अस्वस्थ झाल्यावर घरी वळवलं तर अस्वस्थ होण्याचा उपयोग होतो एवढंच तो शिकतो. प्रत्येक अनोळखी वस्तूशी दोन्ही बाजूंनी नेऊन आणायचं. ताडपत्रीजवळून तो इकडून तिकडे आणि तिकडून इकडे इतक्या वेळा गेला की अखेर तिच्याजवळ उभा राहून गवत खाऊ लागला. शांत सोबत्याच्या संगतीत नवखा घोडा कमी घाबरतो. घोडीचं पुढे असणं, मग बरोबरीने चालणं, मग कुमेदने दहा पावलं पुढे जाणं, असा क्रम ठेवला.

दोरीचा आणि लगामाचा ताण केव्हा सोडायचा यावर बराच वेळ दिला. घोडा ताणामुळे शिकत नाही, ताण सुटण्याच्या क्षणी शिकतो. तो थांबल्याबरोबर हात सैल झाला तर ‘थांबणं बरोबर’ हे त्याला कळतं. दोन सेकंद उशिरा सैल झाला तर त्या दोन सेकंदांत तो जे करत होता ते बरोबर ठरतं. स्वार हे कडेला उभी राहून पाहत होती, आणि हात बरा झाल्यावर दोरी तिच्या हातात आली.

एका लगामाने मान बाजूला वळवून मागचा भाग फिरवणं आणि थांबवणं हेही शिकवलं: आधी उभ्याने, मग चालीत, मग दुडकीत. उधळण्याच्या पहिल्या दोन-चार ढांगांतच याचा उपयोग होतो. घोडा भरधाव सुटल्यावर, उतारावर किंवा अरुंद वाटेवर मान अशी खेचली तर घोडा स्वारासकट कोसळू शकतो. म्हणून ‘घोडा उधळला की एक लगाम ओढा’ असा अर्धवट सल्ला मला धोकादायक वाटतो.

स्वाराचं स्वतःचं काम वेगळं चाललं होतं. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर ती कुमेदवर न बसता करड्या घोडीवर बसली. अपघातानंतर तिच्या अंगात भीती होती आणि ती लपवण्यात तिची निम्मी ताकद जायची. ती उघडपणे बोलल्यावर काम सोपं झालं. रिकिबीशिवाय बैठकीचा सराव, दचकल्यावर आधी श्वास सोडायची सवय, नजर वर, टाच खाली. घोड्याच्या मानेभोवती एक पट्टा बांधला आणि तोल गेला की लगाम न धरता तो पट्टा धरायचा, हे हाताला वळण लागेपर्यंत केलं. गादीवर पडण्याचाही सराव झाला: हनुवटी छातीशी, हात लांब न टेकता अंगाशी, खांद्यावरून लोळण. लांब टेकलेला हात मनगट आणि कॉलरबोन दोन्ही मोडतो.

सामानात बदल थोडे पण नेमके. नवं हेल्मेट. छाती-पाठीचं संरक्षक जाकीट. टाच असलेले बूट आणि बुटाच्या दोन्ही बाजूंना जरा जागा राहील इतकी रुंद रिकीब, म्हणजे पाय अडकून फरफटत जाण्याचा धोका कमी होतो. फोन अंगावर, खोगिरावर कधीच नाही.

आणि एक करार, सोबतिणीसह. वेग आणि अंतर सर्वांत कोवळ्या घोड्याच्या हिशेबाने ठरेल. ओढा, वळण, चढ पार केल्यावर पुढचा घोडा थांबेल. कुमेदची मान ताठ होणं, कान एकाच जागी खिळणं, पावलं आखूड होणं, जबडा आवळणं, दिलेला खाऊ न घेणं यांतली दोन-तीन लक्षणं लागोपाठ दिसली की रपेट तिथून सोपी करायची: थांबायचं, घोडीच्या मागे जायचं, किंवा उतरायचं.

उतरण्यावरून आमच्यात वाद झाला. ‘उतरलात तर घोडा जिंकतो’ असं तिने वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं. घोडा जिंकण्या-हरण्याचा हिशेब ठेवत नाही. आपण उतरल्यावर ताबडतोब घरी नेलं तर मात्र तो शिकतो, म्हणून उतरायचं, त्याच दिशेने थोडं पुढे चालवायचं आणि तो सैलावल्यावर वळायचं. मात्र उतरणंही वेळेवर हवं. घोडा गरगरायला लागल्यावर अरुंद वाटेवर उतरलं तर ४५०-५०० किलोचं जनावर अंगावर येऊ शकतं, तेव्हा वर बसून त्याला चालतं ठेवणं अधिक सुरक्षित असतं.

निष्पत्ती

स्वाराची डोकेदुखी काही आठवडे टिकली, हाड नीट जुळलं. अपघातानंतर सुमारे पाच महिन्यांनी ती ट्रेलवर पुन्हा कुमेदवर बसली, वीस मिनिटांसाठी. तो आजही बुजतो. फरक हा की आता तो बहुतेक वेळा जागीच दचकतो, पाय रोवतो आणि पाहतो. एकदा त्याने अर्धी गिरकी घेतली तेव्हा ती खोगिरावरून निम्मी सरकली, पण हात मानेच्या पट्ट्यावर गेला आणि ती टिकली. ओढा तो चालत पार करतो. जोराच्या वाऱ्यात त्याला अजून बाहेर काढत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या अपघातानंतर ती लगेच परत बसली याचं तेव्हा कौतुक झालं. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. डोकं आपटल्याची लक्षणं काही वेळा तासांनी दिसतात, आणि पहिला हादरा भरून येण्याआधी बसलेला दुसरा फार घातक ठरू शकतो. घोड्याला काम अर्धवट सोडल्याची सवय लागेल ही भीती असेल तर त्याला जमिनीवरून दोन मिनिटं चालवणं पुरतं. हेल्मेटही तेव्हाच बदलायला हवं होतं. आतला फोम दबून आघात शोषतो आणि एकदा दबला की पूर्ववत होत नाही, बाहेरून चरा दिसो वा न दिसो. तिसऱ्या अपघातात तिच्या डोक्यावर तेच जुनं हेल्मेट होतं. ही बाब मला अजून अस्वस्थ करते.

दुसऱ्या अपघातानंतर पशुवैद्य आधी यायला हवा होता. नवं वागणं, विशेषतः उसळ्या, दिसल्या की दात, पाठ आणि खोगीर तपासल्याशिवाय कडी बदलायची नाही, एवढा क्रम पाळला असता तर तिसरा अपघात कदाचित टळला असता. खात्रीने तसं म्हणता येत नाही, कारण तिसऱ्याच्या मुळाशी भीती होती. पण दुखऱ्या तोंडात कडक कडी नसती तर दोन्ही लगाम खेचल्यावर तो इतका सुटला नसता असं मला वाटतं.

प्रशिक्षकाच्या ‘तयार’ या शब्दाला ‘कशासाठी’ असं विचारायला हवं होतं. रिंगण ते ट्रेल ही मोठी उडी आहे, आणि पायी फिरवण्याचे जे आठवडे आम्ही अपघातानंतर घातले ते त्याआधी घालता आले असते. सोबतिणीने तिसऱ्या प्रसंगात घोड्यामागे न धावता जखमी माणसाजवळ थांबणं आणि तिला हलू न देणं हे पूर्णपणे बरोबर होतं, घोडा रस्त्याकडे गेलेला असूनही.

एका मुद्द्यावर एकमत झालेलं नाही. प्रशिक्षक म्हणतो, कुमेद सुरुवातीलाच दोन महिने त्याच्याकडे ट्रेलसाठी राहिला असता तर कुणीच पडलं नसतं. स्वार म्हणते, मग तिला या घोड्याची मान ताठ होणं म्हणजे काय हे कधी कळलंच नसतं. माझा कल थोडा प्रशिक्षकाकडे आहे, कारण तेच शिकणं मोडलेल्या हाडाशिवायही होऊ शकलं असतं, तिला त्या दोन महिन्यांत दर आठवड्याला तिथे हजर ठेवून.

पुढच्या हंगामात गटाची रपेट पुन्हा आहे. कुमेद आणि करडी घोडी तिच्या फक्त पहिल्या टप्प्यात जाणार आहेत आणि गट घराकडे वळण्याआधी आपापल्या वाटेने परतणार आहेत, कारण सगळा कळप एकदम घराकडे वेग घेऊ लागला की पाच वर्षांच्या घोड्याला मागे चालत राहायला सांगणं हे अजून त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.